साहित्य आढाव्याचे प्रकार: आपल्या संशोधनाला कोणता लागू पडतो आणि तो कसा करावा

पीएचडीच्या प्रबंधातील दुसरे प्रकरण बहुधा ‘संबंधित संशोधन साहित्याचा आढावा’ याच मथळ्याचे असते आणि पुष्कळ प्रबंधांत ते एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसते. अमुक यांनी अमुक साली अमुक जिल्ह्यात अभ्यास केला, नमुना इतका घेतला, निष्कर्ष असे निघाले. पुढच्या परिच्छेदात तमुक यांनी तमुक साली. असे चाळीस-पन्नास परिच्छेद झाले की शेवटी ‘वरील अभ्यासांवरून संशोधनातील उणीव स्पष्ट होते’ असे एक वाक्य येते आणि त्या वाक्याचा आधीच्या पानांशी फारसा संबंध नसतो. हे दर वेळी आळसामुळेच होते असे नाही. आढावा म्हणजे एकच एक ठरलेली गोष्ट आहे असे विद्यार्थी धरून चालतो आणि त्याला कोणी वेगळे सांगितलेले नसते, हे खरे कारण आहे. मारिया ग्रँट आणि अँड्र्यू बूथ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात आढाव्याचे १४ प्रकार वेगळे काढून दाखवले होते आणि त्यानंतर त्यांत भरच पडली आहे. ते सगळे पाठ करण्याची गरज नाही. पाच-सहा प्रकार नीट कळले आणि त्यांतला आपला कोणता हे ओळखता आले, तर प्रबंधाचे, शोधनिबंधाचे किंवा आरआरसीपुढे, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे, ठेवायच्या आराखड्याचे काम भागते.

प्रश्न आधी, प्रकार नंतर

प्रकार निवडण्याआधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा, कारण प्रकार त्या प्रश्नातूनच ठरतो. महाराष्ट्रातलेच एक ठळक उदाहरण घेऊ. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ संस्थेतील सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यात केलेल्या प्रयोगाचा निबंध १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायची आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही द्यायचे, असा तो प्रयोग होता. प्रयोगाची ३९ गावे आणि तुलनेची ४७ गावे घेतली होती आणि तुलनेच्या गावांच्या मानाने प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पुढे बांगलादेशातील सिल्हट आणि उत्तर प्रदेशातील शिवगड येथे याच धर्तीच्या चाचण्या झाल्या, २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी गृहभेटींची शिफारस करणारे संयुक्त निवेदन काढले आणि २०११पासून भारतात आशा कार्यकर्तींमार्फत हा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

आता या एकाच विषयावर पाच विद्यार्थी पाच वेगळे आढावे करू शकतात. घरी जाऊन नवजात बाळाची शुश्रूषा करण्याची कल्पना कशी घडत गेली आणि त्यावर तज्ज्ञांत कोणते मतभेद झाले, असे विचारणाऱ्याला वर्णनात्मक आढावा लागेल. आशांच्या गृहभेटींवर आजवर कोणत्या प्रकारचे अभ्यास झाले, ते कुठे झाले आणि कुठे मुळीच झाले नाहीत, असे विचारणाऱ्याला व्याप्ती आढावा करावा लागेल. गृहभेटींमुळे मृत्यू घटतात का आणि किती, याचे उत्तर पद्धतशीर आढावा देईल; बाळंतिणीला, सासूला आणि खुद्द आशाताईला या भेटींबद्दल काय वाटते, याचे उत्तर गुणात्मक संश्लेषणातून येईल. तोच कार्यक्रम एका तालुक्यात रुजतो आणि शेजारच्या तालुक्यात कागदावर राहतो, ते का, हा पाचवा प्रश्न वास्तववादी आढाव्याचा आहे. विषय तोच, पण शोधायचे साहित्य, वाचण्याची रीत, लागणारा वेळ आणि शेवटी करता येणारे विधान पाचही जणांचे वेगळे असते.

वर्णनात्मक आढावा

प्रबंधातील प्रकरणासाठी बहुतेकांना हाच प्रकार लागतो. यात साहित्याची निवड संशोधकाच्या विवेकावर सोपवलेली असते; सगळे काही गोळा केल्याचा दावा करायचा नसतो. या मोकळीकीमुळे तो सोपा वाटतो, पण चांगला वर्णनात्मक आढावा लिहिणे हे माझ्या मते सर्वांत अवघड काम आहे, कारण इथे मांडणीचा सांगाडा कोणी तयार करून देत नाही.

सांगाडा उभा करण्याच्या तीन वाटा आहेत: काळानुसार, मुद्द्यांनुसार किंवा वादांनुसार. त्यांपैकी काळाची वाट सर्वांत कमी कामाची असते, कारण ती नकळत पुन्हा ‘अमुक यांनी अमुक साली’ या यादीकडे घेऊन जाते. मुद्द्यांनुसार मांडणी म्हणजे प्रत्येक परिच्छेद एका मुद्द्याचा आणि त्यात त्या मुद्द्यावर बोलणारे सगळे अभ्यास एकत्र. वादांनुसार मांडणी करायची तर अभ्यासकांचे कुठे पटले नाही, ते आधी शोधावे लागते.

फरक प्रत्यक्षच पाहू. साच्यातला परिच्छेद असा होईल: ‘बंग व इतर (१९९९) यांनी गडचिरोलीत नवजात मृत्यूंचा अभ्यास केला. त्यात ३९ गावांत प्रयोग करण्यात आला. मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.’ पुढचा परिच्छेद सिल्हटचा, त्यापुढचा शिवगडचा. याच तीन अभ्यासांवर आधारलेला, पण विचार करून लिहिलेला परिच्छेद असा असेल: ‘गृहभेटींनी नवजात मृत्यू घटतात याबद्दल दक्षिण आशियातील या तीन चाचण्यांचे एकमत आहे; मात्र घट कशामुळे झाली याचे उत्तर त्या एकच देत नाहीत. गडचिरोली आणि सिल्हट येथे आजारी बाळाला इंजेक्शनने प्रतिजैविक देण्याची सोय कार्यक्रमातच होती. शिवगडमध्ये तसा उपचार नव्हता; बाळाला उबदार ठेवणे, आईच्या त्वचेशी धरणे, लगेच स्तनपान देणे अशा सवयींवरच भर होता, तरीही २००८च्या निबंधानुसार तिथे मृत्युदर सुमारे ५४ टक्क्यांनी कमी झाला. सिल्हटमध्ये गृहसेवेच्या गटात घट सुमारे ३४ टक्के होती. शिवाय शिवगड आणि सिल्हट येथे गावांचे गट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे यादृच्छिक रीतीने वाटले होते, गडचिरोलीत तसे नव्हते. त्यामुळे तीन टक्केवाऱ्या शेजारी शेजारी ठेवून कोणता कार्यक्रम सरस हे ठरवता येणार नाही.’

दुसऱ्या परिच्छेदात संशोधकाने स्वतः काही म्हटले आहे आणि त्यातून पुढचा प्रश्न आपोआप निघतो: घट उपचारामुळे की सवयी बदलल्यामुळे? संशोधनातील उणीव दाखवायची ती अशी. परिच्छेदाची सुरुवात अभ्यासकाच्या नावाने न करता विधानाने करावी, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे प्रकरण सुधारते.

या प्रकारातला धोका उघड आहे. आपल्या मताला जुळणारे तेवढे उचलायचे आणि विरोधी अभ्यास नजरेआड करायचे, असे करण्याला इथे पद्धतीची आडकाठी नसते. म्हणून कोणते डेटाबेस पाहिले, कोणत्या काळातले साहित्य घेतले आणि काय मुद्दाम बाजूला ठेवले, हे प्रकरणाच्या आरंभी चार-पाच वाक्यांत सांगावे. तसे बंधन नाही, पण व्हायवाच्या वेळी परीक्षक नेमके तेच विचारतात.

व्याप्ती आढावा

विषय नवा असेल, वेगवेगळ्या विद्याशाखांत विखुरलेला असेल किंवा त्यावर मुळात काय काय लिहिले गेले आहे याचाच अंदाज नसेल, तेव्हा स्कोपिंग रिव्ह्यू, म्हणजे व्याप्ती आढावा करावा. त्याची चौकट हिलरी आर्क्सी आणि लिसा ओ’मॅली यांनी २००५ साली मांडली: प्रश्न ठरवणे, संबंधित अभ्यास शोधणे, त्यांची निवड करणे, माहिती तक्त्यात भरणे आणि ती एकत्र करून मांडणे, त्या क्षेत्रातील जाणकारांशी चर्चा ही सहावी पायरी ऐच्छिक आहे. अहवाल कसा लिहावा यासाठी ‘प्रिझ्मा’ची, म्हणजे आढाव्याचा अहवाल लिहिण्याच्या मार्गदर्शक सूचीची, स्वतंत्र पुरवणी २०१८ साली आली.

इथे प्रश्न मुद्दाम रुंद ठेवतात. लोक कोण, संकल्पना कोणती आणि संदर्भ कोणता, या तीन अंगांनी तो बांधावा: लोक म्हणजे आशा कार्यकर्ती, संकल्पना म्हणजे नवजात बाळासाठीच्या गृहभेटी, संदर्भ म्हणजे भारतातील आदिवासी भाग. पद्धतशीर आढाव्यापेक्षा हा वेगळा ठरतो तो एका बाबतीत: यात अभ्यासांची प्रत, म्हणजे दर्जा, सहसा तपासत नाहीत. परिणामी ‘या विषयावर इतके अभ्यास आहेत, त्यांतले बहुतेक सर्वेक्षणे आहेत, मुलाखतींवर आधारलेले मोजकेच आहेत’ असे म्हणता येते. ‘म्हणून गृहभेटी उपयुक्त ठरतात’ असे म्हणता येत नाही. व्याप्ती आढाव्याच्या निष्कर्षात धोरणासाठी ठाम शिफारशी ठोकून देणे ही सर्रास दिसणारी चूक आहे.

एम.फिल. आता बंद झाले असले तरी एम.ए. आणि एम.एससी.च्या लघुप्रबंधासाठी हा प्रकार चांगला आहे, फक्त तो हाती घेताना तो पद्धतशीर आढाव्याचा सोपा भाऊ समजू नये. प्रश्न रुंद असल्यामुळे चाळावे लागणारे साहित्य पुष्कळदा अधिकच निघते.

पद्धतशीर आढावा

‘कॉक्रेन’ या संस्थेच्या बोधचिन्हात काही आडव्या रेषा, एक उभी रेषा आणि तळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची एक खूण दिसते. ती नक्षी नाही. तो एका खऱ्या विश्लेषणाचा आलेख आहे. मुदतीपूर्वी बाळंत होऊ घातलेल्या स्त्रीला कॉर्टिकोस्टेरॉइड दिल्यास बाळ वाचण्याची शक्यता वाढते, असे दाखवणारी पहिली यादृच्छिक चाचणी १९७२ साली प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर आणखी चाचण्या होत राहिल्या, पण त्या सगळ्या एकत्र करून पद्धतशीरपणे तपासण्याचे काम १९८९पर्यंत झाले नाही आणि तोवर बऱ्याच प्रसूतितज्ज्ञांना हा उपचार इतका परिणामकारक आहे हे ठाऊकच नव्हते. सुटे सुटे अभ्यास वाचून जे कळत नाही ते एकत्र केल्यावर कळते, हा पद्धतशीर आढाव्याचा मूळ हेतू त्या आलेखात आहे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ आर्ची कॉक्रेन यांच्या नावाने ही संस्था १९९३ साली उभी राहिली. शिक्षण, गुन्हे आणि समाजकल्याण या क्षेत्रांसाठी असेच काम करणारी कॅम्पबेल संस्था २००० साली सुरू झाली, त्यामुळे हा प्रकार फक्त वैद्यकाचा आहे असे मानण्याचे कारण नाही.

हा आढावा करायचा तर क्रम मोडून चालत नाही. सर्वप्रथम प्रोटोकॉल लिहावा: प्रश्न काय, कोणते अभ्यास घेणार, कोणते वगळणार, कुठे शोधणार, प्रत कशी तपासणार. आरोग्याशी निगडित विषय असेल तर यॉर्क विद्यापीठाच्या ‘प्रॉस्पेरो’ या नोंदवहीत तो विनामूल्य नोंदवता येतो; २०११पासून ही सोय आहे. व्याप्ती आढावे तिथे स्वीकारत नाहीत. साहित्य पाहिल्यानंतर निकष बदलण्याचा मोह होऊ नये आणि झाला तर तो वाचकाला दिसावा, म्हणून ही आगाऊ नोंद करायची.

प्रश्न बांधायला लोक, उपाय, तुलना आणि परिणाम ही चार अंगे वापरतात. आपल्या उदाहरणात लोक म्हणजे पहिल्या २८ दिवसांतील बाळे, उपाय म्हणजे प्रशिक्षित कार्यकर्तीच्या गृहभेटी, तुलना म्हणजे नेहमीची आरोग्यसेवा आणि परिणाम म्हणजे मृत्यू. यांतूनच शोधसूत्र तयार होते. प्रत्येक अंगासाठी सुचतील तेवढे पर्यायी शब्द ‘ऑर’ने जोडावेत आणि मग अंगे एकमेकांशी ‘अँड’ने जोडावीत: न्यूबॉर्न ऑर निओनेट ऑर निओनेटल, अँड, होम व्हिजिट ऑर होम-बेस्ड केअर, अँड, कम्युनिटी हेल्थ वर्कर ऑर आशा. ‘ऑर’ने जाळे रुंदावते, ‘अँड’ने आवळते. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये याबरोबर ‘मेश’ ही प्रमाणित विषयशब्दांची सूची वापरावी, कारण लेखकाने कोणताही शब्द वापरला असला तरी सूचीत तो लेख एकाच विषयशब्दाखाली येतो. केवळ एका डेटाबेसवर थांबू नये. गूगल स्कॉलर पूरक म्हणून चांगले आहे, पण मुख्य साधन म्हणून नाही: एका शोधाचे पहिले हजारच निकाल ते दाखवते आणि तोच शोध पुन्हा केला तर तसाच येईल याची खात्री नसते.

मग छाननी. सारख्याच नोंदी काढून टाकल्यावर मथळा आणि सारांश वाचून पहिली चाळणी, संपूर्ण लेख वाचून दुसरी. दोन्ही चाळण्या दोन व्यक्तींनी एकमेकांचे निर्णय न पाहता कराव्यात आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याला विचारावे. एकट्याने पीएचडी करणाऱ्याची इथेच अडचण होते. अशा वेळी सहविद्यार्थ्याला किमान काही टक्के नोंदी स्वतंत्रपणे चाळायला द्याव्यात, दोघांच्या निर्णयांची जुळणी कप्पा या मापाने मोजावी आणि एकट्याने छाननी केल्याची मर्यादा उघड लिहावी. किती नोंदी मिळाल्या, कोणत्या टप्प्यावर किती गळल्या, पूर्ण वाचून वगळलेल्या कोणत्या कारणाने वगळल्या, हे ‘प्रिझ्मा’च्या प्रवाहचित्रात दाखवायचे असते. प्रिझ्माची सध्याची आवृत्ती २०२०ची असून तिच्या तपासणीसूचीत २७ बाबी आहेत. ही सूची अहवाल लिहिण्यासाठी आहे. ती पाळली म्हणजे आढावा चांगला झाला असे होत नाही, तरी ‘आम्ही प्रिझ्मा पद्धतीने आढावा केला’ असे वाक्य शोधनिबंधांत वारंवार वाचायला मिळते.

निवडलेल्या प्रत्येक अभ्यासात निष्कर्ष एका बाजूला झुकण्याचा धोका किती, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. वेळेचा हिशेबही आधीच करावा: प्रॉस्पेरोत नोंदवलेल्या आढाव्यांच्या २०१७ सालच्या एका पाहणीत नोंदणीपासून प्रसिद्धीपर्यंत सरासरी सुमारे ६७ आठवडे लागल्याचे आढळले होते आणि ती कामे अनेक जणांच्या गटांची होती. दोन सत्रांत एकट्याने पद्धतशीर आढावा पुरा करण्याचे आश्वासन सिनॉप्सिसमध्ये देणाऱ्याने हा आकडा नजरेसमोर ठेवावा.

मेटा-अ‍ॅनालिसिस

पद्धतशीर आढावा आणि मेटा-अ‍ॅनालिसिस यांची नावे जोडीने येतात म्हणून ती एकच समजली जातात. पहिली शोधण्याची व तपासण्याची पद्धत आहे, दुसरे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून एक आकडा काढण्याचे संख्याशास्त्रीय तंत्र. पद्धतशीर आढावा मेटा-अ‍ॅनालिसिसशिवाय पूर्ण होऊ शकतो. कार्ल पिअर्सन यांनी विषमज्वराच्या लसीवरील वेगवेगळ्या ठिकाणच्या आकडेवारी १९०४ साली एकत्र केल्या होत्या. तंत्राला हे नाव मात्र जीन ग्लास यांनी १९७६ साली दिले.

अभ्यास एकत्र करण्याआधी ते एकत्र करण्याजोगे आहेत का, हे पाहावे. शिवगड आणि गडचिरोली यांतला उपचाराचा फरक वर आलाच आहे. गृहभेटींवरील दक्षिण आशियातील पाच चाचण्या एकत्र करणारा एक पद्धतशीर आढावा २०१०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला आणि त्याने मृत्यूंत घट दाखवली, पण असा सरासरी आकडा वाचताना त्याखाली वेगवेगळे कार्यक्रम दडलेले आहेत याचे भान सुटता कामा नये. अभ्यासांतील तफावत आय-स्क्वेअर या मापाने टक्क्यांत सांगतात. ती फार असेल तर एकच आकडा काढण्यापेक्षा तफावतीचे कारण शोधणे अधिक उपयोगी असते.

आत टाकलेला माल खोटा असेल तर तंत्र त्याला खरे करत नाही. कोविडच्या काळात आयव्हरमेक्टिन या औषधामुळे मृत्यू घटतात असे दाखवणाऱ्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये इजिप्तमधील एका मोठ्या अभ्यासाच्या प्रीप्रिंटचे, म्हणजे तज्ज्ञ-परीक्षणाआधीच प्रसृत केलेल्या लेखाचे, वजन बरेच होते. त्यातील आकडेवारीवर गंभीर आक्षेप आल्यानंतर तो जुलै २०२१मध्ये मागे घेण्यात आला आणि संशयास्पद अभ्यास वगळून हिशेब केल्यावर तो फायदा टिकला नाही.

थोडक्यात बाकीचे प्रकार

गुणात्मक संश्लेषणात मुलाखती व निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांतील अर्थ एकमेकांत ‘भाषांतरित’ करतात. त्यातील मेटा-एथ्नोग्राफी ही पद्धत जॉर्ज नॉब्लिट आणि ड्वाइट हेअर यांनी १९८८ साली मांडली. प्रायोगिक, सर्वेक्षणात्मक आणि गुणात्मक असे सगळेच अभ्यास एकत्र घ्यायचे असतील तर समाकलित आढावा करावा. परिचर्याशास्त्रात तो रूढ आहे. आधीच झालेल्या पद्धतशीर आढाव्यांचा आढावा म्हणजे छत्री आढावा. धोरणकर्त्यांना काही आठवड्यांत उत्तर हवे असेल तर पायऱ्या कमी करून जलद आढावा करतात, मात्र कोणती पायरी गाळली ते सांगावे लागते.

ग्रंथमितीय विश्लेषणाबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसवरून नोंदी उतरवायच्या, लायडन विद्यापीठात तयार झालेल्या व्हीओएस-व्ह्यूअर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाकायच्या आणि रंगीबेरंगी ठिपक्यांचे नकाशे छापायचे, असे शोधनिबंध अलीकडे भरमसाट येत आहेत. कोण कोणाला उद्धृत करते, कोणते शब्द एकत्र येतात हे त्यातून कळते. कोणी काय म्हटले आणि ते बरोबर आहे का हे कळत नाही. लेख न वाचता करता येणाऱ्या कामाला आढावा म्हणण्यास माझी तयारी नाही. वाचनाची दिशा ठरवायला तो नकाशा जरूर वापरावा.

मराठी साधने शोधताना

इतिहास, साहित्य, समाजशास्त्र या विषयांत काम करणाऱ्याला वरची सूत्रे जशीच्या तशी लागू होत नाहीत, कारण त्याचे साहित्य पबमेड-स्कोपसमध्ये नसतेच. १९५०पर्यंतच्या मराठी ग्रंथांसाठी शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीला पर्याय नाही. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळाचा आहे. प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे ‘शोधगंगा’ हे भांडार आहे. तिथे शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मराठीतले बरेच जुने प्रबंध छायाप्रत म्हणून किंवा युनिकोडपूर्व फाँटमध्ये चढवलेले आहेत, त्यामुळे आतल्या मजकुरात शब्द शोधला तर काहीच हाती लागत नाही. विभागवार यादी उघडून मथळे डोळ्यांनीच वाचावे लागतात.

शब्द मिळाले तरी त्यांचे लेखन बदललेले असते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात ‘गांवांत’, ‘शेतकऱ्यांचें’, ‘कांहीं’ असे अनुस्वार असतात. ‘सुची’ आणि ‘सूची’, ‘रुढी’ आणि ‘रूढी’ अशी ऱ्हस्वदीर्घाची रूपे असतात. रोमन लिपीत नोंदवलेल्या मथळ्यांत तर एकाच शब्दाचे तीन-चार अवतार सापडतात. म्हणून शोधसूत्रात ही सगळी रूपे ‘ऑर’ने जोडावीत आणि ती कोणती घेतली हे पद्धतीच्या भागात नोंदवावे.

नियतकालिकांत न आलेले, ज्याला ग्रे लिटरेचर म्हणतात ते साहित्य महाराष्ट्रावरील कामात वगळून चालत नाही. प्रादेशिक अनुशेषावर लिहिणाऱ्याने प्रा. वि. म. दांडेकर समितीचा १९८४चा अहवाल पाहिला नसेल तर त्याचा आढावा पायाशिवाय उभा राहतो आणि तो अहवाल कोणत्याही डेटाबेसच्या शोधात वर येणार नाही. शासन निर्णय, समित्यांचे अहवाल, स्वयंसेवी संस्थांच्या पाहण्या यांच्यासाठी वेगळी यादी करून वेगळा वेळ ठेवावा.

टेबलावरची शिस्त

वाचायला सुरुवात करण्याच्या दिवशीच दोन तक्ते उघडावेत. पहिला शोधाचा: तारीख, डेटाबेस, वापरलेले सूत्र, मिळालेल्या नोंदी. दुसरा अभ्यासांचा: प्रश्न, ठिकाण व काळ, पद्धत, नमुना, मुख्य निष्कर्ष, उणिवा आणि शेवटच्या रकान्यात ‘माझ्या प्रश्नाशी संबंध काय’. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो अभ्यास आढाव्यात घेऊ नये, मग तो कितीही गाजलेला असो. या तक्त्याचे रकाने उभे वाचले की प्रकरणाचे परिच्छेद मिळतात आणि ओळी आडव्या वाचल्या की पुन्हा तीच यादी.

संदर्भ सांभाळायला झोटेरो हे विनामूल्य सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मागे घेतलेला लेख संग्रहात असल्यास ते सूचनाही देते. अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लस आणि ऑटिझमवरचा १९९८चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला, तरीही तो उद्धृत होतच राहिला, यावरून ही सूचना किती मोलाची आहे ते कळावे. सशुल्क नियतकालिकांसाठी २०२५पासून सुरू झालेल्या केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत आपली संस्था आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे.

एआय चॅटबॉट वापरून संदर्भ मागवू नयेत. लेखक खरा, नियतकालिक खरे, पण लेख अस्तित्वातच नाही, असे संदर्भ ते बेमालूम तयार करून देतात. प्रत्येक संदर्भाचा डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडून पाहावा आणि निदान सारांश तरी स्वतः वाचलेला असावा. दुसऱ्याच्या आढाव्यातून उचललेला संदर्भ मूळ लेख न वाचता आपल्या यादीत घालणे ही तर त्याआधीपासूनची खोड आहे; तिच्यामुळे एकाने केलेली चूक दहा प्रबंधांत फिरते. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण सॉफ्टवेअरने दाखवलेला आकडा कमी आला म्हणजे उसने विचार आपले झाले असे नव्हे. आढाव्याचे प्रकरण लिहिताना मूळ लेख मिटून ठेवून तक्त्यावरून लिहावे. वाक्ये आपोआप आपली होतात.

कुठे थांबायचे, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. पद्धतशीर आणि व्याप्ती आढाव्यात उत्तर प्रोटोकॉलमध्येच असते. वर्णनात्मक आढाव्यात नवे लेख वाचूनही तक्त्यात नवा मुद्दा येत नसेल आणि त्यांच्या संदर्भयाद्यांत ओळखीचीच नावे दिसत असतील, तेव्हा थांबावे.

मथळ्यात प्रकाराचे नाव घालण्याआधी पद्धतीचा भाग एकदा वाचून पाहावा. प्रोटोकॉल नाही, शोधाची नोंद नाही, प्रत तपासलेली नाही आणि तरी मथळ्यात ‘पद्धतशीर’ असेल, तर तो शब्द काढून टाकावा. वर्णनात्मक आढावा म्हणवून घेण्यात कमीपणा नाही. प्रबंध सादर करण्याच्या दोन-तीन महिने आधी मूळ शोधसूत्रे त्याच डेटाबेसवर पुन्हा चालवावीत, मधल्या काळात आलेले अभ्यास तक्त्यात भरावेत आणि शोधाची अखेरची तारीख प्रकरणाच्या पहिल्याच पानावर लिहावी.